डागाच्या जागी

हळ्ळीखेड (बी),
ता. १४ जुलै २००८

चिरंजीव सिद्धरामास, तुझ्या तुळजाक्काचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. ह्यांच्या हातात पडलं असतं तरी बिघडणार नव्हतं म्हणा. तुझे दाजी कानडी शाळेत शिकलेले, आपलं मराठी अक्षर त्यांना मुंग्यांच्या रांगेवानी दिसतं. मोबाईल मात्र सदा त्यांच्या खिशात, म्हणून फोनच्या भानगडीत पडू नकोस. जे काय असंल ते लिहूनच धाड.

मी आजवर सगळं बरं हाय असंच लिहीत आले. आता खरं लिहिते. वाचून उठून पळत येऊ नकोस, आधी पुरतं वाच. अंगावरचे चट्टे आता कोपर-गुडघ्यावर थांबले न्हाईत. पाठ, पोटऱ्या, डोस्क्याची कातडी, सगळीकडं लाल चट्टे आन् त्याच्यावर पांढरा पापुद्रा. मागच्या महिन्यात भाकरी थापताना दंडावरचा पापुद्रा परातीत पडला. ह्यांनी बघितलं आन् तीच परात उचलून माझ्या तोंडावर हाणली. भुवई फुटली. त्या दिवसापासून माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आन् निजायला गोठा. गावात महारोग म्हणायलेत. सासूबाई, म्हणजे बाणूबाई, लांबून भाकरी टाकतात. पण टाकतात तरी, तेवढं त्यांचं खरं.

मग ह्यांनी अप्पाला बोलावणं धाडलं. बाप आलाय म्हणल्यावर मला काय हायसं वाटलं रे सिद्धू! वाटलं, घेऊन जायला आलाय. त्याच्या घोंगडीत सळई गुंडाळलेली होती ते मला नंतर दिसलं.

मेंढराला डाग द्यायच्या कामात अप्पाचा हात कुणी धरत न्हाई, हे तुला मी काय सांगावं. औरादपासून लोकं आपली पोरंबाळं घेऊन त्याच्याकडं येतात. तीच ती विळ्यावानी वाकड्या टोकाची, लाकडी मुठीची सळई. ह्यांनी माझे हात मागं पिळले, शेजारच्या दोघांनी पाय धरले. अप्पानं माझ्या कपाळाला भंडारा लावला, बीरप्पाचं नाव घेतलं आन् पाठीवर दोन, दंडांवर एकेक असे डाग दिले. मेंढरू ओरडत न्हाई, नुसते डोळे फिरवतं. मी ओरडले. ह्यांच्या मनगटाचा लचका तोडला. रक्त तोंडात आलं ते थुंकले न्हाई, मुद्दाम गिळलं. आपल्याच कातडीचा जळका वास कसा असतो ते देव कुणाला न दाखवो.

अप्पा रडत होता. रडत होता आन् सळई परत विस्तवात घालत होता. हे मला अजून कळंना. माझी प्रतीक्षा दारात उभी राहून सगळं बघत होती. सात वर्षांची पोर, उभ्या-उभ्या तिचा परकर ओला झाला.

असो. तू स्वतःच्या हातानं स्वैपाक करून खायलास म्हणे. तुझी भाकरी बघून कोळारची कुत्री बी गाव सोडून गेली असतील. अक्कावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
तुळजाक्का


कोळार, बीदर,
ता. २३ जुलै २००८

ती. अक्काच्या पायांवर सिद्धूचं डोकं. वि. वि. डोकं सध्या फुटलेलं हाय, ते कसं ते पुढं लिहितो.

तुझं पत्र शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या फाटकापाशी वाचलं आन् तसाच औरादच्या गाडीनं आपल्या गावाला गेलो. पळत येऊ नकोस म्हणालीस म्हणून तुझ्याकडं आलो न्हाई, पण अप्पाकडं जाऊ नकोस असं कुठं लिहिलं होतंस?

अप्पा मेंढरं कोंडायलाय तवर मी जाऊन त्याची गचांडी धरली. जन्मात पहिल्यांदा. त्यानं काठी घातली डोक्यात. मी बी मागंपुढं बघितलं न्हाई, बुक्की हाणली. त्याचा म्होरचा दात पडला. अप्पानं तो दात तळहातावर थुंकला, बघितला, आन् म्हणाला की मला मारून टाक, पण आधी ऐक. म्हणाला, जावई दुसरी बायको बघायलाय. अशा कातडीची बाई नवऱ्यानं टाकली तर गावाच्या शिवेवर मरती. त्यापरीस चार डाग सोसलेले बरे. सळईनं शेकडो मेंढरं वाचली, मग पोटची लेक कामून वाचणार न्हाई? अक्का, मला त्यातलं एक अक्षर पटलं न्हाई. पण ते ऐकताना माझा उचललेला हात खाली आला. ह्याचा मला अजून राग येतोय. कुणाचा राग ते मात्र सांगता येईना.

आता मुद्द्याचं. माझ्यासंगं कामाला शिवशंकर म्हणून हाय, त्याच्या मावशीला सेम असंच होतं. हे महारोग न्हाई. सोरायसिस म्हणतात. शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं कुणाला होत न्हाई. गुलबर्ग्याला एक चामडीच्या डॉक्टरीणबाई हायत, पत्ता खाली लिहिलाय. घरात सांग की बंदेनवाजच्या दर्ग्याला नवस बोललाय. दर्ग्याला जाते म्हणल्यावर तुझी सासू अडवायची न्हाई, उलट हातावर उदबत्तीला पैसे ठेवंल.

भुवईला हळद लावू नकोस, डॉक्टरला दाखव. प्रतीक्षाला मामाचा गोड पापा. आपल्या फुटक्या भावाला विसरू नये ही विनंती.

तुझा,
सिद्धू


हळ्ळीखेड (बी),
ता. १४ सप्टेंबर २००८

चि. सिद्धूला, फुटक्या डोक्यावर फुंकर घालून आशीर्वाद. वि. वि.

बापावर हात उचललास ते वाईट केलंस. दात एकच पाडलास ते बी वाईट केलंस. आता हसू नकोस, पुढं ऐक.

डाग भरून आले. खपल्या पडल्या. आन् खाली काय, तर डागाच्या जागी रोगच उठलेला. नुसता उठला न्हाई, सळईच्या वाकाला वाक मिळवून उठला. पाठीवर दोन विळे, दंडांवर एकेक, लाल आन् वर पांढरे. कुणी खडूनं काढावे तसे. घरात ठरलं की सळई कमी पडली, पुढच्या खेपेला खोल द्यायची. त्याच दिवशी मी नवसाचं बोलले आन् गुरुवारी हुमनाबादहून गुलबर्ग्याची गाडी धरली.

डॉक्टरीणबाई कानडी, पण आपलं समजतं तिला. तिनं माझी पाठ बघितली आन् तिचे हात थांबले. हे कशानं म्हणून विचारलं. मी म्हणलं, पडले. तर म्हणाली की चार ठिकाणी एकसारखी पडलीस होय? बाप हा शब्द तोंडातून निघंना.

तिनं मला जे सांगितलं ते तुला सांगते, कारण आपल्या घरात हे कुणी कधी सांगितलंच न्हाई. रोग दिसतो कातडीवर, पण चूक कातडीची न्हाई. अंगात राखणदार पेशी असतात. कुठं जखम झाली, जंतू शिरला, की त्या एकमेकींना निरोप धाडतात. हा निरोप्या म्हणजे एक बारीक प्रथिन. एकाचं नाव टीएनएफ. दुसरे हायत ते इंटरल्युकिन, त्यांना नावापुढं आकडे, सतरा, तेवीस असे. निरोप पोचला की राखणदार धावतात, रक्त धावतं, कातडी भराभर नवी होती. काम झालं की निरोप थांबायला पाहिजे. माझ्या अंगात तो थांबतच न्हाई. लांडगा न्हाई, चोर न्हाई, तरी रातंदिस हाकाटी. त्या हाकाटीपायी महिन्यात पिकायची कातडी चार-पाच दिसांत वर येती आन् पापुद्रा होऊन गळती. मी विचारलं की म्हणजे कळपाचं कुत्रं पिसाळून आपल्याच मेंढरांवर पडावं तसं का. बाई हसली. म्हणाली, कुत्रं इमानीच हाय, त्याला कुणीतरी उगाच छू करायलंय.

आन् जखम झाली की तिथं हाकाटी जास्त. म्हणून डागाच्या जागी रोग उठला. अप्पानं रोग जाळला न्हाई सिद्धू, त्याला हाक मारून बोलावून घेतलं.

ह्या टीएनएफला वाटेतच धरून ठेवणारी सुई निघालीय. बाईच्या दवाखान्यात त्या औषधाची तपासणी चालू हाय, त्यात माझं नाव घातलं. आधी छातीचा फोटो काढला, क्षय हाय का बघायला हाताला सुई टोचली. कारण हाच निरोप्या क्षयाच्या जंतूला बी कोंडून धरतो. त्याला बांधला की ते सुटतात. मला क्षय निघाला न्हाई. पण बाईनं दोनदा बजावलं की सुई चालू असताना अंगाला जखम होऊ द्यायची न्हाई. हाकाटी बंद म्हणजे मदतीला बी कुणी धावणार न्हाई. जखम सडंल, विष रक्तात उतरंल आन् जीव जाईल. ताप आला तरी धावत ये म्हणाली.

तर आता दर दुसऱ्या गुरुवारी मी दर्ग्याला असते. दर्ग्यात बी खरंच जाते हां, खोटं नको. तुझ्यासाठी बायको मागितली. भाकरी करणारी माग म्हणशील तर तेवढा मोठा चमत्कार होणं कठीण हाय. अक्काला अंतर देऊ नकोस.

तुझी,
तुळजा


कोळार,
ता. ८ डिसेंबर २००८

ती. अक्कास सिद्धूचा वाकून नमस्कार. वि. वि.

भाऊबिजेला तुला बघितलं तवापासून मी हवेत हाय. तू ओवाळायला हात पुढं केलास आन् कोपराची कातडी बघून मला रडू आलं. निरांजनाचा धूर गेला म्हणालो, ते खोटं. चार सुयांत हा फरक! दाजी बी तुला पंगतीत घेऊन बसले होते. आमचं डोकं फुटलं ते पावलं म्हणायचं.

पण दुसरी गोष्ट लिहिल्याशिवाय राहवंना. सुई तुझी आन् नाव झालं सळईचं. तुझी सासू म्हणती दर्गा पावला, दाजी म्हणतात काशाप्पाचा, म्हणजे आपल्या अप्पाचा, डाग उशिरा लागला पण लागला. दर्ग्याला तेवढी फुलं चढली, त्यानं कुणाचं वाटोळं झालं न्हाई. पण अप्पाच्या अंगणात आता जत्रा भरायलीय. पार बिलोलीकडून गाड्या येतात. प्रत्येकाला अप्पा तुझ्या पाठीचा दाखला देतो. मागच्या रविवारी एका बाळंतिणीची छाती डागली, ती तापानं फणफणलीय. तिला मी गाडीत घालून दवाखान्यात धाडलं तर तिचा नवरा मलाच शिव्या द्यायला लागला, कामून तर काशाप्पाच्या पोरानंच काशाप्पाचं नाव बुडवायलंय म्हणून.

अक्का, तू सांग. सगळ्यांसमोर सांग की सुई हाय. मी शंभरदा ओरडलो तर कुणी ऐकत न्हाई, तुझी कातडी बोलली तर ऐकतील. रागावू नकोस. रागावलीस तरी पत्र लिही.

तुझा,
सिद्धू


हळ्ळीखेड (बी),
ता. २२ जानेवारी २००९

चि. सिद्धूस आशीर्वाद. वि. वि.

तुझं खरं हाय. पण सुईचं सांगितलं की माझे गुरुवार बंद. परवाच हे म्हणत होते की दवाखान्याचा शिक्का बसलेली बाई म्हणजे रोगी बाई. सहा महिन्यांनी मला माणसात घेतलंय रे. चार दिस एका ताटात जेवू दे. त्या बाळंतिणीचं ऐकून घास गोड लागंना, तरी जेवते. तुझ्या अक्काला तू समजत होतास तेवढी ती चांगली न्हाई.

आता खरं दुखणं. प्रतीक्षाच्या उजव्या गुडघ्यावर एक चट्टा आलाय. रुपयाएवढा. वर पांढरा. बाईला विचारलं, तर म्हणाली की आईचं लेकरात उतरू शकतं. एवढ्याशा चट्ट्याला मलम पुरंल, घाबरू नकोस, फक्त खरवडू देऊ नकोस, जखम होऊ देऊ नकोस. मी तिला लांब परकर शिवलाय. पोरगी गुडघा झाकून बसती आन् कुणी कामून म्हणलं तर थंडी वाजती म्हणती. सात वर्षांच्या पोरीला मी खोटं बोलायला शिकवलं.

ह्या घरात तो चट्टा दिसला तर काय होईल ते तुला सांगायला नको. तू येऊन तिला बीदरला ने. शाळेचं मी बघते. मामाकडं सुट्टीला गेली म्हणते. लवकर ये. बाकी काय लिहू?

तुझी,
अक्का


गुलबर्गा, सरकारी दवाखाना,
ता. २६ फेब्रुवारी २००९

चि. सिद्धूस आशीर्वाद. वि. वि.

तू मला जीपमध्ये घालून इथं आणलंस तवा मी शुद्धीत नव्हते. तुला जे कळलं ते अंबाजीच्या तोंडून कळलं. व्हय, आता नवऱ्याचं नाव घेते. म्हणून खरं काय घडलं ते मी लिहिते. उजवा हात चालतोय.

त्या गुरुवारी मी सुई घेऊन दुपारच्या गाडीनं परत आले. तू रविवारी पोरीला न्यायला येणार होतास. तीनच दिस मधे होते. पोरगी नळावर पाय धुताना परकर वर झाला आन् अंबाजीनं चट्टा बघितला. मी गुलबर्ग्याला गेलेली बघून त्यानं अप्पाला आणलं. तुळजा बरी झाली, तिची लेक बी बरी व्हायलाच पाहिजे, एवढा साधा हिशोब. त्या हिशोबातली चूक माझी कातडी होती, आन् ती चूक मी गप राहून पोसली होती.

दारातून शिरले तर अंगणात विस्तव. बाणूबाईच्या मांडीवर प्रतीक्षा, अंबाजीनं तिचे पाय धरलेले, कपाळाला भंडारा. मी पिशवी टाकली तवर सळई एकदा टेकली होती. उजव्या नडगीवर, चट्ट्याखाली. पोरगी अशी किंचाळली की झाडावरची पाखरं उडाली. मी ओरडले की सुईनं बरी झाले, सळईनं न्हाई. बाही वर करून टोचल्याच्या खुणा दाखवल्या. अप्पा बघतच नव्हता. लेकी, तुझं अंग सगळा मुलूख बघतोय, एवढंच म्हणाला आन् सळई परत लालभडक करून आणली. त्याचे डोळे पाण्यानं भरलेले होते. त्याला पोरीचा पाय बी नीट दिसत नव्हता.

मी डावा दंड मधे घातला. अप्पानं सगळा भार देऊन सळई दाबली. मांस चर्र झाल्यावर त्यानं वर बघितलं. मी लाकडी मूठ हिसकली आन् ती सळई अंबाजीच्या तोंडावर ओढली, कानापासून हनुवटीपर्यंत. मला त्याचं वाईट वाटत न्हाई. रोज विचारते मनाला, न्हाई वाटत. मग त्यानं लाकूड घेऊन माझ्या बरगड्यांत घातलं. दोन मोडल्यात. बाणूबाईनं पोरीला उचलून शेजारी पळवलं आन् तिथून तुला फोन लावला. पोरीला धरून बसलेली बी तीच, पळवून वाचवणारी बी तीच. तिच्याबद्दल काय वाटून घ्यावं मला कळंना.

पोलीस आला होता. मी अंबाजीचं नाव सांगितलं. अप्पाचं सांगितलं न्हाई. रोज पट्टी बदलताना वाटतं, सांगायला पाहिजे होतं.

दंड सडलाय. त्याच दिवशी सुई घेतलेली, निरोप्या बांधलेला, मदतीला कोण धावणार? पू थांबंना, ताप उतरंना. पुढची सुई बंद केलीय, पण आधीचं औषध अंगातून उतरायला वेळ लागतो म्हणतात. जखम भरायला लागली न्हाई तर हात खांद्यापासून काढावा लागंल, असं बाईनं तोंडावर सांगितलं. लपवलं न्हाई हे बरं केलं.

माझ्या हाताचं होईल ते होईल. तू फक्त पोरीची नडगी बघ. डाग भरल्यावर दोन-तीन आठवड्यांत तिथं रोग उठतो का ते कळंल, बाई म्हणाली. उठला तर उठला म्हणून लिही. मला खूश करायला खोटं लिहिलंस तर तू माझा भाऊ न्हाईस.

तुझी,
तुळजा


कोळार,
ता. २० मार्च २००९

ती. अक्कास सिद्धू-प्रतीक्षाचा नमस्कार. वि. वि.

दवाखान्यात फोन करून सांगणार होतो, तीनदा नंबर लावला आन् कापला.

उठला. काल अंघोळ घालताना बघितलं. डागाच्या जागी, त्याच वाकाचा, लाल आन् वर पांढरा. बाईच्या चिठ्ठीनं मलम आणलंय, लावायलोय. ती म्हणते की पोरीचा रोग थोडा हाय, मलमानं ताब्यात राहील, सुईची गरज न्हाई. पण उठला तो उठला. खोटं लिहिलं न्हाई अक्का, मला भाऊ राहू दे.

अप्पा रोज माझ्या खोलीबाहेर येऊन बसत होता. गावाकडून पहिल्या गाडीनं यायचा, शेवटच्या गाडीनं जायचा. मी भाकरी दिली न्हाई, पाणी दिलं न्हाई. दारातून पोरगी त्याला बघायची आन् खाटेखाली जायची. काल मी तिला कडेवर घेऊन बाहेर आलो आन् त्याच्यासमोर तिचा पाय उघडा केला. बघ म्हणलं. लांबूनच बघितलं त्यानं. आपल्या मेंढराच्या कानावरची खूण ओळखावी तसा त्यानं तो वाक ओळखला. मग मला विचारलं की तुळजाच्या पाठीवर बी असंच उठलं होतं का. मी म्हणलं, तू बघितलं न्हाईस? तर न्हाई म्हणाला. डाग दिल्यावर परत जाऊन कुणाचं अंग त्यानं कधी बघितलंच न्हाई. सगळं आयुष्य गेलं आन् एकदा बी न्हाई.

मला वाटलं, आता रडंल. रडला न्हाई. उठून गेला. पुढचं मला कल्लप्पानं सांगितलं, आपल्या शेजारच्या. आज सकाळी उदगीरकडची जीप आली होती, अंगभर चट्टे असलेली एक पोरगी घेऊन. अप्पा म्हणाला, मी सोडलं. दवाखान्यात न्या. ते ऐकंनात. तुमची लेक बरी झाली, आमची कामून न्हाई म्हणून भांडायला लागले. पोरीच्या बापानं स्वतःच विस्तव केला, अप्पाच्या खोपटातून सळई आणून तापवली आन् त्याच्या पुढं धरली. पोरीला दोघांनी दाबून धरलेलं. अप्पानं सळई घेतली. पण मुठीकडून न्हाई घेतली. लाल टोक उजव्या हातात धरलं आन् मूठ आवळली. सोडलीच न्हाई. वास सुटला, लोकं मागं सरली, पोरीचा बाप तिला उचलून जीपकडं पळाला. कल्लप्पानं बोटं एकेक करून उकलली म्हणे. दोन बोटं वाचायची न्हाईत.

कल्लप्पानं त्याला बीदरच्या दवाखान्यात दाखवून माझ्याकडं आणून टाकलंय. उजवा हात पट्टीत, डाव्यानं त्याला जेवता येईना. मी ताट पुढं ठेवून बाहेर गेलो. मला भरवणं जमणार नव्हतं. परत आलो तर प्रतीक्षा भाकरी कुस्करून त्याला घास भरवायली होती. भरवते, पण हात लावू देत न्हाई. त्यानं डावा हात तिच्या डोस्क्याकडं नेला तर झटकन मागं सरकली, थांबली, आन् मग पुढचा घास दिला.

तुझ्याकडं न्या म्हणतोय. मी हो म्हणलं न्हाई, न्हाई म्हणलं न्हाई. तू म्हणशील तसं. दंडाचं कळव. जीव टांगणीला लागलाय.

तुझा,
सिद्धू


गुलबर्गा, सरकारी दवाखाना,
ता. १० एप्रिल २००९

चि. सिद्धूस आशीर्वाद, माझ्या लेकीला पोटाशी धरून दोन जास्त. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण हात राहतो की जातो ते कळल्याशिवाय लिहायचं न्हाई असं ठरवलं होतं. परवा सकाळी कोपराला खाज सुटली. बघितलं तर लाल ठिपका आन् त्याच्यावर बारीक पांढरा पापुद्रा. सिद्धू, मी हसले. मोठ्यानं हसले, शेजारच्या खाटेवरची म्हातारी घाबरली. दहा वर्षं ज्या पापुद्र्याला शिव्या दिल्या, तो बघून मी नर्सला हाका मारल्या. निरोप्या सुटला होता. हाकाटी परत सुरू झाली होती. त्याच दिवशी दंडाच्या कडेला गुलाबी मांस दिसायला लागलं. डॉक्टरीणबाई म्हणाली की ह्या दोन गोष्टींची अशी गाठ घालू नकोस, पण ती बी हसत होती. हात राहतोय.

रोग परत येईल. सगळ्या अंगावर येईल. दंड पुरता भरला की दुसरं औषध बघू म्हणते, गोळ्या हायत, नव्या सुया यायल्यात, तेवीस नंबरच्या निरोप्याला धरणाऱ्या. तेव्हाचं तेव्हा. अंबाजीच्या घरी मी जाणार न्हाई, हे मात्र आजच लिहून ठेव. आन् सुईचं आता सगळ्यांना सांगते. इथं ज्या बाया येतात त्यांना पाठ उघडी करून दाखवते आन् सांगते.

अप्पाचं. त्याचा हात भरंल. त्याच्या अंगातले निरोपे कुणी बांधले न्हाईत, ते धावतील, नवी कातडी आणतील. माझ्यासारखं सडायचं न्हाई त्याचं. मला त्याची दया येती आन् दया आली की लगेच राग येतो. त्यानं हात जाळला म्हणून माझ्या लेकीच्या नडगीवरचं पुसलं जाणार हाय का?

त्याला घेऊन ये. माफ केलं म्हणून बोलावते असं समजू नकोस, त्याला बी तसं सांगू नकोस. रोज सकाळी माझी पट्टी सोडतात. आत अजून खड्डा हाय, पू पुसतात, मी दात आवळते. त्यानं समोर स्टुलावर बसायचं आन् बघायचं. रडायचं न्हाई, तोंड फिरवायचं न्हाई. भरून येईपर्यंत रोज बघायचं. एवढं जमत असंल तर ये म्हणावं.

पत्र मिळताच निघा. येताना पोरीचा परकर आखूड असू दे.

तुमची दोघांची,
तुळजा